नमुने स्वच्छ केल्याबद्दल

ओव्हाळ मॅडम कुणालाही माफ करत नसत. ही मी त्यांची निंदा करत नाही. त्या स्वतःच तसं सांगत. संस्थेत नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच चहाला त्याला हे ऐकवत, आपला रक्तगट सांगावा इतक्या सहजपणे. "माझ्या लक्षात राहतं हं सगळं," म्हणत आणि बशीत चहा ओतत. नवा माणूस हसायचा. आम्ही जुने हसत नसू.

लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, दरीकडे तोंड करून आमची संशोधन संस्था होती. मी तिथं व्हॅक्यूम पंपांच्या देखभालीला होतो, कान्ह्याहून रोज जायचो. डॉ. निर्मला ओव्हाळ हिऱ्यांच्या प्रयोगशाळेत होत्या. मूळच्या जवळच्याच औंढे गावच्या. उंची बेताची, केस घट्ट बांधलेले, अंगावर सुती साडी आणि पदराला ॲसिडच्या शिंतोड्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं. त्या भोकांना त्या रफू करत नसत. साडीही टाकत नसत.

त्यांच्या रागाची एक खूण होती. मन ताळ्यावर असलं की त्या औंढ्याचं बोलत. "शेलार, लय झालं काम, जावा आता घरी." पण राग आला की त्यांची भाषा एकदम शुद्ध व्हायची. न आणि ण जागच्या जागी. "शेलार, आपण जरा इकडे येता का?" असं कानावर आलं की मी हातातला पाना खाली ठेवायचो.

आमच्या हिऱ्यांचा दागिन्यांशी संबंध नव्हता. नखाएवढ्या चौकोनी, काचेसारख्या पातळ प्लेट्स. वायूपासून यंत्रात वाढवलेल्या. हिऱ्यातून वीज जात नाही हे आपण शाळेत शिकतो. मॅडमचं सगळं काम त्या वाक्याच्या अपवादावर होतं. हिऱ्याच्या अगदी वरच्या अणूंना हायड्रोजन चिकटवला आणि ती प्लेट साध्या हवेत ठेवली, की हवेतल्या ओलाव्याचा न दिसणारा पापुद्रा तिच्यावर धरतो. ते पाणी हिऱ्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेतं. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागा सरकू लागतात आणि हिऱ्याच्या नुसत्या कातडीतून वीज वाहते. हायड्रोजन घालवून तिथं ऑक्सिजन बसवला, की तोच हिरा पुन्हा ठार बंद. वजन तेच, चमक तीच, आतला दगड तोच. बदललेला असतो तो फक्त एका अणूच्या जाडीचा थर.

"लोणावळ्यात लोकांचे पापड सादळत्यात," त्या म्हणत, "आन् माझा हिरा जागा व्हतो."

कुठली प्लेट जागी आणि कुठली बंद, हे डोळ्यांना कळत नाही. मॅडम सकाळी आल्या आल्या सिरिंजनं प्रत्येकीवर पाण्याचा एक थेंब सोडत. हायड्रोजन असेल तर थेंब अळूच्या पानावर राहावा तसा गोल उभा राहतो. ऑक्सिजन असेल तर पसरतो. वाकून, एक डोळा मिटून त्या तो थेंब बघत. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

त्या हिऱ्यांकडे का वळल्या, याची एक कथा संस्थेत फिरत होती. त्यांनी ती कायम उडवून लावली. "स्कॉलरशिप त्यात होती म्हणून गेले," म्हणत. पण कथेतला प्रसंग खरा होता, आणि त्याचा शेवट माझ्यासमोर झाला.

वर्षातून एकदा आमच्याकडे गावातल्या लोकांना प्रयोगशाळा बघायला खुली असे. दरवर्षी दोनचार जण आपापल्या अंगठ्या घेऊन येत; हिऱ्यांवर काम करता ना, मग हा खरा की खोटा सांगा. त्या वर्षी एक वयस्क बाई आल्या, बरोबर सून आणि नातवंडं. सोवळ्यातल्या वस्तूसारखी अंगठी बोटातून काढून त्यांनी मॅडमच्या हातावर ठेवली. "सुनेला द्यायची म्हणते. बघता का जरा?"

मॅडम अंगठीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग बाईंच्या चेहऱ्याकडे. मग अंगठी तोंडाजवळ नेऊन त्यांनी तिच्यावर वाफ सोडली.

"खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाही," त्या म्हणाल्या. "हिरा उष्णता झटकन पसरवतो, त्यामुळे वाफ लगेच उडते. ही पाहा, अजून आहे." त्यांनी पुन्हा वाफ सोडली आणि अंगठी सुनेच्या डोळ्यांपुढे धरली. "हा अमेरिकन डायमंड आहे."

भाषा शुद्ध झाली होती. मी पंपाजवळून उठून उभा राहिलो.

"असं कसं? ह्यांनी लग्नाच्या वाढदिवसाला घेतली होती," बाई म्हणाल्या.

"ही अंगठी मध्ये एकदा हरवली होती ना? तुंगार्लीच्या बंगल्यात?"

बाईंचा चेहरा उजळला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुमच्या बंगल्यावर झाडूपोछा करायला माझी आई होती. तिनं चोरली म्हणून तुम्ही तिला लुगड्याच्या निऱ्या सोडायला लावल्या होत्या. मी दारात उभी होते, शाळेच्या कपड्यांत. नंतर अंगठी मोरीच्या नळामागे सापडली. तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. आज बोला."

खोलीत भरपूर माणसं होती. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मला काही आठवत नाही गं," त्या पुटपुटल्या.

"मला आठवतं," मॅडम म्हणाल्या आणि अंगठी त्यांच्या तळहातावर ठेवून, बोटं नीट मिटून दिली.

पुढच्या रविवारी मी भाताच्या बियाण्यासाठी औंढ्याला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. त्यांची आई ओट्यावर पावटे सोलत बसली होती. गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती.

"म्हातारीला कशापायी रडावलीस गं निमे?"

"तिनं तुला रडवलं तेव्हा?"

"अगं, अंगठी घावली त्या दिशी तिनं मला शिरा दिलता. वाटीभर. तुपातला. माफी कशी मागत्यात ते तिला ठावं नव्हतं, तर तिनं शिरा दिला. मी खाल्ला, झालं."

"आई," मॅडम म्हणाल्या, "तो शिरा अजून माझ्या घशाशी येतो."

म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "हिच्या आंगात कुनाचं रगत हाय काय कळत न्हाई. माझं तर न्हाई."

सामंत सर आमचे संचालक. त्यांना वाईट माणसाचा चेहरा नव्हता, हीच अडचण होती. उंच, हसरे, आवाज भरदार. माझ्या मुलांची नावं त्यांना पाठ. कुठल्याही समितीपुढं ते बोलायला उभे राहिले की समिती खुर्चीत पुढं सरकून बसायची. फक्त प्रयोगशाळेत ते पाहुण्यांबरोबरच येत. एखादी प्लेट चिमट्यानं उचलताना त्यांना मी कधी बघितलं नाही.

मॅडमनी बरीच वर्षं घालून हिऱ्याच्या त्या सादळलेल्या कातडीपासून एक सेन्सर तयार केला. शीतगृहातून अमोनियाची गळती होते, माणसं गुदमरतात. प्लेटवर दोन सुया टेकवायच्या, मीटर लावायचा. अमोनियाचा नुसता वास आला तरी त्या ओल्या थरात फरक पडतो आणि काटा खाली येतो. मी स्वतः बाटलीचं बूच उघडून काटा पडताना पाहिलाय. बूच लावलं की थोड्या वेळानं तो हळूहळू वर चढायचा. त्या दिवशी मॅडमनी आम्हा सगळ्यांना घरून आणलेला इंद्रायणीचा भात आणि मुगाची आमटी वाढली होती. वाढताना त्या औंढ्याचं बोलत होत्या.

मग परदेशातल्या एका मासिकात लेख आला. नोटीस बोर्डावर त्याची प्रत लागली आणि कॅन्टीनमध्ये पेढे आले. लेखावर सामंत सरांचं नाव आणि त्यांच्या परदेशातल्या दोन मित्रांची नावं. शेवटी, बारीक अक्षरांत, आभार. नमुने स्वच्छ केल्याबद्दल श्रीमती एन. ओव्हाळ यांचे आभार. डॉक्टर ओव्हाळ सुद्धा नाही.

मॅडमनी उभ्या उभ्या सगळा लेख वाचला. एक पेढा घेतला, खाल्ला, आणि सरांच्या केबिनकडे निघाल्या. मी जिन्यात होतो. दार उघडंच होतं.

"अहो ओव्हाळ, पुढच्या वेळी घालू नाव," सरांचा आवाज आला. "आणि तसं बघितलं तर तुमचं काम सॅम्पल तयार करून देण्याचंच ना? पृष्ठभाग साफ करण्याचं?"



"हो सर," मॅडम म्हणाल्या. "साफ करण्याचंच."

ज्या बाईची आई जन्मभर दुसऱ्यांचे बंगले साफ करत होती, तिच्या तोंडून तो शब्द वदवून घेतला त्यांनी. मला जिन्यातून तसंच केबिनमध्ये घुसून टेबल उलथवावंसं वाटलं. मॅडम बाहेर आल्या तेव्हा शांत होत्या. त्यानंतर त्या कायम शुद्धच बोलत राहिल्या. सगळ्यांशी. पूर्ण पावसाळा.

हिवाळ्याच्या तोंडावर बातमी आली की तो सेन्सर बघायला एक समिती येणार. त्यांना पटलं असतं तर सोमाटण्याजवळच्या एका कंपनीत तो बनवायला घेणार होते आणि आमच्या संस्थेची पुढची काही वर्षं सुखाची गेली असती. आदल्या दिवशी सकाळी सर व्हरांड्यातून लगबगीनं चालले होते. मॅडम आणि मी गॅसचा सिलिंडर बघत होतो.

"ओव्हाळ, प्लेट्स सगळ्या स्वच्छ करून ठेवा. उद्या अगदी चकाचक दिसल्या पाहिजेत."

"सर, स्वच्छ म्हणजे ॲसिडमध्ये उकळून?"

"नेहमी करता तसं करा हो."

"सर, एकदा नक्की सांगा. ॲसिडनं करू ना?"

सर मागं वळून हसले. "सफाईतलं मी तुम्हाला काय सांगणार? करा, ॲसिडनंच करा." आणि गेले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मी पंपवाला, पण इतकी वर्षं त्या प्रयोगशाळेत वावरून मलाही कळत होतं की उकळत्या ॲसिडमध्ये हिरा घातला की हायड्रोजन जातो आणि ऑक्सिजन बसतो. ज्याचं नाव त्या लेखावर पहिलं होतं त्याला ते कळायला हवं होतं.

दुपारी धूर ओढून घेणाऱ्या कपाटाच्या काचेआड बीकर उकळत होते. मॅडम हातमोजे घालून एकेक प्लेट सोडत होत्या, देवाला फूल वाहावं तशा.

"मॅडम," मी म्हणालो, "उद्या पाहुणे…"

"सर म्हणाले, स्वच्छ करा."

मी माझे पंप बंद केले आणि घरी गेलो. कुणालाही काही बोललो नाही. त्याबद्दल मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी समितीपुढं सर फार सुंदर बोलले. मग त्यांनी पहिल्या प्लेटवर सुया टेकवल्या. काटा शून्यावर. दुसरी प्लेट. शून्य. "शेलार, मीटर बदला." मी मीटर बदलला. शून्य. सरांनी रुमालानं मान पुसली आणि हसून म्हणाले, "काय आहे, आमची लोणावळ्याची हवा. फार दमट."

समितीत नागपूरकडचे एक वयस्क प्राध्यापक होते. त्यांनी चष्मा वर केला. "दमट हवेत जास्त चालायला हवं ना? तुमच्याच लेखात तसं आहे."

सरांनी मॅडमना बोलावणं पाठवलं. त्या आल्या, हातात सिरिंज. एका प्लेटवर त्यांनी थेंब सोडला. थेंब पसरला.

"यावर हायड्रोजन नाही," त्या म्हणाल्या. "प्लेट्स ॲसिडमध्ये उकळल्या आहेत. आता वर ऑक्सिजन आहे, त्यामुळे वीज वाहणार नाही."

"कुणी उकळल्या?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मी. सरांनी काल स्वच्छ करायला सांगितल्या. मी दोनदा विचारलं, ॲसिडनं करू का. करा म्हणाले. शेलार तिथंच होते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "होतो," मी म्हणालो. इतका गोड शब्द माझ्या तोंडून पुन्हा कधी निघाला नाही.

प्राध्यापक सरांकडे वळले. आवाज अगदी खाली आणून, घरातल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "सामंत, ॲसिडनं हायड्रोजन जातो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

सरांनी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर आलं नाही.

पाहुणे जेवायला गेले तेव्हा सर प्रयोगशाळेत आले. मी तिथंच होतो. मला जा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

"परत हायड्रोजन चढवायला किती वेळ लागेल?"

"यंत्रात हायड्रोजनच्या प्लाझ्मात थोडा वेळ, मग हवेत ठेवायच्या. चहापर्यंत तयार होतील."

"मग चढवा ना, ओव्हाळ. प्लीज."

"चढवते. आधी कॅन्टीनमध्ये जाऊन त्यांना सांगा, हे काम कुणाचं आहे."

"सांगतो. नंतर सांगतो. लेखी देतो."

"आत्ता. तोंडानं. सगळ्यांसमोर."

सर दारापर्यंत गेले. दाराच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले. मॅडमनी यंत्राचं झाकण उघडून ठेवलं होतं, प्लेट्स चिमट्याजवळ मांडल्या होत्या. एक वाक्य बोलायचं होतं त्या माणसाला. ते कॅन्टीनमध्ये गेले, समितीच्या शेजारी बसले आणि पुरणपोळीच्या आग्रहातच जेवण संपवलं. गाड्या गेटाबाहेर पडल्याचा आवाज आला तसं मॅडमनी यंत्राचं झाकण लावून टाकलं.

प्रकल्प बंद झाला. सरांनी मॅडमवर चौकशी बसवली. चौकशीत मी पुन्हा एकदा 'होतो' म्हणालो. सिद्ध काहीच झालं नाही, पण मॅडमनी राजीनामा दिला आणि सोमाटण्याजवळच्या त्याच कंपनीत गेल्या. तिथल्या लोकांना आता कळलं होतं की कुणाला घ्यायचं. सर निवृत्त होईपर्यंत संचालकच राहिले. पण त्यांना भाषणाला बोलावणं येईनासं झालं. एखाद्या परिषदेत कुणीतरी हळूच विचारायचं, "काय सामंत, ॲसिड वगैरे ठीक?" आणि मागं हशा पिकायचा. मला हे कळलं की मी घरी जाऊन बायकोला चहा ठेवायला सांगायचो.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. त्या प्रकल्पावर कविता नावाची कामशेतची मुलगी होती. प्रकल्पाबरोबर तिची नोकरी गेली, आणि ठरत आलेलं लग्नही लांबलं. मॅडम सामान आवरत होत्या तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. "तुमचं आणि सरांचं जे असेल ते. माझं काय चुकलं होतं?"

 पुढं मॅडमनी खटपट करून तिला आपल्या नव्या कंपनीत घ्यायला लावलं. कविता आली. चांगलं काम करायची. पण मॅडमच्या शेजारच्या टेबलावर बसून ती त्यांच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलत नसे. मी एकदा तिकडं गेलो असताना हे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते."

सामंत सर गेल्या वर्षी वारले. लोणावळ्यात एका हॉलमध्ये शोकसभा होती. मॅडम येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या आल्या, फोटोपुढं फुलं ठेवली, पहिल्या रांगेत बसल्या. लोक बोलत होते. सरांची दूरदृष्टी, सरांची माणुसकी, आणि अर्थात अमोनियाचा सेन्सर. शेवटी सूत्रसंचालकांनी विचारलं, अजून कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. मॅडम उठल्या.  सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एक ओलसर भाव आला. आता बाई सगळं पोटात घालणार आणि आपल्याला बरं वाटणार.

"सामंत सर उत्तम बोलत," मॅडम म्हणाल्या. "मला तसं बोलता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. अमोनियाच्या सेन्सरचा इथे उल्लेख झाला. ते काम माझं आहे."

आणि खाली बसल्या.

बाहेर पडताना दारात सामंत वहिनी उभ्या होत्या. त्यांनी मॅडमचा हात धरला. "आज तरी सोडायचं होतं, निर्मला."

"वहिनी, ते गेले म्हणून काम त्यांचं होत नाही."

 वहिनींनी हात लगेच सोडला नाही. मॅडमनी तो हळूच काढून घेतला आणि पायऱ्या उतरल्या.

मी पायरीवरच थांबलो होतो. शनिवार होता, मुंबईकडच्या गाड्यांनी गावातले सगळे रस्ते भरले होते. हॉलसमोरची गल्ली अरुंद. मॅडमची स्कूटर गल्लीच्या मध्यावर पोचली आणि समोरून एक भलीमोठी गाडी आत घुसली. गाडीवाल्यानं हॉर्न धरला. मग काच खाली झाली. "ओ काकू, मागे घ्या ना जरा!"

मॅडमनी स्कूटर बंद केली. उतरून ती स्टँडवर लावली, पुन्हा तिच्यावर बसल्या, पर्समधून भाजलेले शेंगदाणे काढले आणि एकेक खाऊ लागल्या. त्या गाडीच्या मागं दुसरी गाडी आली, तिसरी आली. हॉर्नचा गलका झाला. दुकानांतून लोक बाहेर येऊन बघू लागले. बऱ्याच वेळानं मागची गाडी हलली, मग मधली, आणि शेवटी ती मोठी गाडी कुरकुरत मागं सरकत थेट वळणापर्यंत गेली.

रस्ता मोकळा झाला तरी मॅडम लगेच निघाल्या नाहीत. मुठीतले दाणे संपवले, हात झटकले, आणि मग स्कूटर सुरू केली.